डावीकडे जरा जास्त

विट्कोवित्सेचं सांस्कृतिक भवन बंद झालं तेव्हा
ओटाकरने पाचशे कोरुनांत अँप्लिफायर उचलून आणला,
ट्रामने, मांडीवर, आजारी कुत्रं धरावं तसा.
घरी आल्यावर कळलं, त्याला आवाजाचं बटणच नाही.
दोनच गोष्टी येतात त्याला, ओरडणं आणि गप्प बसणं.
मी म्हटलं, असाच एक मी चाळीस वर्षं सांभाळलाय.

पहिल्या संध्याकाळी सेलो असा घरात घुसला
की कपाटातल्या बश्या बोलू लागल्या
आणि वरच्या मजल्यावरच्या वाल्टरोवाबाई,
रात्रपाळीआधी तासभर पडलेल्या,
जिना उतरून आल्या. पायात एकच चप्पल.
दुसरी हातात.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं टेबल माझं राहिलं नाही.

"सोपं आहे," तो म्हणाला.
(हे वाक्य ऐकलं की मी मेणबत्त्या कुठे आहेत ते बघून ठेवते.)
"याला वीज लागतच नाही. पिन नाही, दिवा नाही.
आत कोळशाची एक वाकडी पट्टी,
तिच्यावरून फिरणारं एक बोट.
आवाज वरून येतो, बोट हवा तेवढा उचलतं,
उरलेला जमिनीत जातो."
जमिनीत म्हणजे कुठे, मी विचारलं.
त्याने काळी तार दाखवली, जणू मी पत्ता विचारला होता.
ऑस्त्रावात शेवटी सगळं कोळशापाशीच येतं.

पहिलं बटण चुकीचं निघालं.
केसभर फिरवलं की सगळा गोंगाट,
पुढे उरलेल्या फेरीत काही नवं नाही.
"कान असा मोजत नाही, ल्युबा,
दुप्पट वाटायला दहापट द्यावं लागतं."
हे आमच्या युनियनला कधीच ठाऊक होतं.

दुसरं आलं पाकिटातून, एका दांड्यावर दोन मजले,
खालचा डाव्यासाठी, वरचा उजव्यासाठी.
ओप्लात्कीच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पडली.
मी दिवा धरला.
डाखाचा थेंब चमकला पाहिजे, तो सांगत होता,
मळकट दिसला तर समज, धरलाच नाही.
त्याचा हात थरथरायचा, मग टोक तारेला टेकलं
की थांबायचा. राळेचा धूर पडद्यात बसला,
अजून धुवायचे आहेत.

डबा आधी गुणगुणला.
बोट लावलं की गप्प, काढलं की सुरू.
ओटाकर रात्री अकरापर्यंत
डब्यावर बोट ठेवून बसला,
लहान मुलाला ताप असल्यासारखा.
मग त्याच काळ्या तारेचा एक फाटा पत्र्याला दिला,
आणि शांत झालं.
इतकं, की फ्रिज ऐकू आला.

काही वाढवत नाही हे यंत्र.
आलं त्यातलं थोडं पुढे सोडतं, एवढंच.
मला ते आवडलं, पण मी बोलले नाही.

रविवारी त्याने बटण अगदी खाली आणलं,
वाल्टरोवाबाईंच्या झोपेइतकं.
बाई गात होती कुणीतरी, मोरावियाकडची,
आणि मला स्पष्ट दिसलं,
ती खोलीच्या मधोमध नव्हती.
डावीकडे, शेगडीपाशी उभी होती.
खाली आणलं की दोन मजले जुळत नाहीत,
उजवा जरा आधी थकतो.
स्वस्तातलं बटण.

ओटाकरने डोळे मिटले होते.
एकतीस वर्षं रोलिंग मिल त्याच्या डाव्या हाताला होती.
तो कान माझं नाव अर्धंच ऐकतो.
"बघ," तो म्हणाला, "अगदी मधोमध."
आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

हो, मी म्हटलं.
माझ्या नेलपॉलिशने त्याने तिथेच खूण केली,
लाल, जरा ओघळलेली.
तो चहा ठेवायला उठला तेव्हा
मी माझी खुर्ची
वीतभर उजवीकडे सरकवली.