मजुरी

फांदी धरायची, दहा वेळा हलवायची.
खाली पांढरं फडकं.
पडतील त्या मुंग्या मोजायच्या, हे माझं काम,
लायकिपियाच्या काळ्या मातीत,
सकाळी सातपासून ऊन डोक्यात शिरेपर्यंत.
वाम्बुगू वहीत आकडा लिहितो.
तुला चावून घ्यायचे पैसे मिळतात, आई म्हणते
आणि मनगटावरच्या गांधी बघून हसते.

इथली बाभूळ शीळ घालते.
काट्यांच्या बुडाशी गाठी, लिंबाएवढ्या, पोकळ.
मुंग्या त्यांना भोकं पाडतात, आत पोरंबाळं वाढवतात,
वारा भोकांवरून जातो.
शेळ्यांमागे हिंडताना लहानपणी वाटायचं
कुणीतरी नाव न घेता हाक मारतंय.
मी थांबायची. शेळ्या पुढे.

झाड घर देतं, देठाशी गोड थेंब देतं,
बदल्यात राखण.
हत्ती सोंड लावतो न लावतो
तोच आतून लाल डोक्यांची झुंबड,
थेट सोंडेच्या आतल्या मऊ कातडीवर.
गोष्टीतलं नाही सांगत. पाहिलंय मी
ते अख्खं धूड कान फडफडवत मागे सरताना.

मग कुंपण आलं.
तारा ओढणाऱ्यांत माझा बापही होता.
आठ फुटी खांब, तारेत वीज,
हत्ती बाहेर, जिराफ बाहेर,
आतली झाडं सुखात.
दहा वर्षांत बघा, बाबा सांगत फिरला,
आत नुसतं रान माजेल.

झाडानं हिशेब केला असं मी म्हणत नाही.
मोजायला बोटं लागतात, ती माझ्याकडे आहेत.
पण गाठी कमी होत गेल्या, वर्षामागून वर्ष,
देठाशी थेंब सुकले.
चोरच नाही तर चौकीदार पोसायचा कशाला?
उपाशी चौकीदारांनी फांद्यांवर
खवल्या किड्यांची खिल्लारं पाळली,
झाडाचाच रस पिळून पोट भरू लागले.
मग शेजारच्या झाडावरून दुसऱ्या आल्या,
कशाला धावून न जाणाऱ्या,
ज्यांना गाठी नकोत, थेंब नकोत,
भुंग्याच्या अळीनं पोखरलेली बिळं तेवढी हवीत.
अळ्यांना दार उघडंच.

फांदी हलवली. फडक्यावर एक काटकी,
थोडा भुसा.
शून्य, मी म्हणाले.
वाम्बुगूनं मान वर केली. परत हलव.
शून्य.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
या कुंपणानं पानही खाल्लं नाही,
कुणाला खाऊ दिलं नाही,
तीच तर अडचण.

बाबाला सांगितलं संध्याकाळी.
तो बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला.
मग म्हणाला, माझ्या बापाचा एक बैल होता,
पांढऱ्या कपाळाचा.
सिंहाच्या भीतीनं मी त्याला काटेरी कुडातच ठेवला,
चारा पाणी जागेवर.
सिंहानं नाही नेला त्याला.
पायांनी मेला.
आणि उठून शेळ्या मोजायला गेला,
ज्या आधीच मोजून झाल्या होत्या.

आता मला दोन्हींकडचा वारा ओळखू येतो.
बाहेर ओरबाडलेली, वाकडी, फांद्या मोडलेली झाडं
सगळी मिळून शीळ घालतात.
आत सरळ उभी, अंगावर ओरखडा नाही,
वारा येतो नि नुसता जातो.

आज तारेबाहेर एक जिराफ मादी उभी होती.
मान वरून आत घातली,
निळसर काळी जीभ काढली,
आणि टोकाची फांदी चार बोटांवर राहिली.
मी फडकं खाली ठेवलं.
नियम असा की आपण कशाला हात लावायचा नाही.
वाम्बुगू पाठ करून पेन्सिलीला टोक करत होता,
जरा जास्तच वेळ.

फांदी धरली,
वाकवली तिच्याकडे.
चाव, बाई.