आमसुली

खोलीच्या भिंती राखाडी. मुद्दाम.
खिडकी नाही. घड्याळाचा काटा चमकू नये
म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी.
रोइमाता पोटिकी सकाळी आठला येते
आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत
कशालाच हात लावत नाही.

बाहेर वेलिंग्टन. बाहेर वारा,
छत्र्यांना उलटं करणारा, दक्षिणेचा.

पहिल्या भागात केप डाळिंबी होती,
फोडताना रस उडावा तशी.
शहर हळदीच्या उन्हात,
काचा मोरपंखी,
खलनायकसुद्धा पोपटी, जत्रेतल्या पिपाणीसारखा.
कॅमेरा खालून वर बघायचा,
लहान मूल उंच काकाकडे बघतं तसा.
माणूस उडाला, शहर वाचलं,
थिएटरातले दिवे लागले.

आता दुसरा भाग.
लॉस एंजेलिसहून फोन: अंधार हवा.
लोकांना कळलं पाहिजे, आता प्रकरण गंभीर आहे.

ती चाकं फिरवते.
तांबडं उतरवते, निळं चढवते,
गालांवरची लाली जराशी मागे घेते,
ऊन पुसून तिथे इस्पितळाच्या ट्यूबलाइटचा
आजारी हिरवा.
शहर पारवं होत जातं.
नायक दारात उभा, अर्धा चेहरा चौकटीबाहेर.
लेशेकने तो असाच टिपलाय, खांद्याच्या उंचीवरून,
भिंगावर श्वास धरेल इतक्या जवळून.
डोक्यावर छत आहे.
पहिल्या भागात छत असं नव्हतंच कुठे.

फोन: छान. अजून काळं करा.

लेशेक मागच्या सोफ्यावर, बूट काढून.
म्हणतो, आमच्या पोलंडात
डिसेंबरमध्ये दुपारी चारला रात्र व्हायची,
आम्ही त्या रात्रीत फुटबॉल खेळायचो.
नुसत्या काळोखाने कोण रडतं?

रोइमाताला आईचा शब्द आठवतो: पोउरी.
माओरीत अंधारालाही तोच, दुःखालाही तोच.
फोनवरच्या माणसापर्यंत
त्यातला अर्धाच पोचलाय.

दृश्य एकशे सत्तेचाळीस.
गच्ची. तो उशिरा पोचलाय.
खाली रस्त्यावर बस आडवी,
तिच्या बाजूला ओळीने पांढऱ्या चादरी,
ज्या तिने पांढऱ्या राहू दिल्या नाहीत.
केप आता काळपट, जांभळट.
रोइमाताच्या पडद्यावर या रंगाला तीन आकडे आहेत.
माझ्या भाषेत नाव आहे.
आमसुली:
उन्हात ठेवून ठेवून
उन्हानेच काळं पडलेलं लाल.

आणि तेवढ्यात वारा.
पटकथेत नसलेला, इथलाच, खरा.
केप उलटते
आणि अकरा फ्रेम दिसतं अस्तर.

डाळिंबी.

कपडेपटातल्या मालियाने
वरचं कापड दोनदा रंगात बुडवलं होतं,
अस्तर सोडून दिलं होतं. ते कोण बघणार?
अर्ध्या सेकंदाहून कमी.
पण तेवढ्यात संपूर्ण पहिला भाग येऊन जातो,
हळद, मोरपंखी, तो हास्यास्पद पोपटी,
आणि परत मिटतो.

लेशेक उठून बसलाय. बूट शोधत नाही.
रोइमाता भोवतीचा काळोख थोडा उजळवते,
सांगितलं होतं त्याच्या अगदी उलट,
म्हणजे आमसुली आमसुली दिसेल.
अस्तराला ती हात लावत नाही.

फोनवर कोणी काही बोललं नाही.
बहुतेक कुणाला दिसलंच नाही.
चाचणी-खेळाच्या अहवालात मात्र एक ओळ होती:
गच्चीच्या दृश्यात लोक
पॉपकॉर्न खायचे थांबले, कारण अज्ञात.

दोन वर्षांनी नवा निरोप:
तिसऱ्या भागात पुन्हा ऊन.
कंटाळलेत लोक अंधाराला.

ती चाकं उलटी फिरवते.
तांबडं येतं, मुकाट, आज्ञाधारक.
कापड छातीवर डाळिंबी होतं, खांद्यावर होतं,
पण जिथे जिथे घडी पडली आहे
तिथे तळाशी
ते काळपट आंबट तसंच.

फोन विचारतो, किती दिवस लागतील?

भिंती राखाडी.
कॉफी गार होत चाललेली.
रोइमाता घडीत बघत राहते.