एक जोड कमी

कृपादानांची यादी पास्टरांनी फळ्यावर लिहिली,
खडू बोटात मावेनासा होईपर्यंत.
ज्ञानाचं वचन. विश्वास. रोग बरे करणं. भाषा, आणि भाषांचा अर्थ.
"आता ज्यानं त्यानं आपलं शोधा," म्हणाले शांतवन पास्टर,
तसे सगळे एकमेकांकडे पाहू लागले,
साक्रीच्या बाजारातून आल्यावर
दुसऱ्याच्या पिशवीकडे पाहतात तसे.

भिवसन ढोलकी वाजवतो, त्याचं ठरलेलंच.
कलावतीनं प्रार्थना धरली
की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप.
मला दोन वचनं पाठ राहत नाहीत.
चारचौघांत उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटते,
गार तव्याला भाकर चिकटावी तशी.
म्हशीची धार काढून येते, उशीर होतो,
म्हणून दाराशी बसते,
अर्धी आत, अर्धी बाहेर.

दाराशी बसलं की चपला दिसतात.
अंगठ्याला सेफ्टीपिन लावलेली गुमानची.
कलावतीची, डाव्या टाचेला झिजलेली.
शमुवेलचे शाळेचे बूट, लेस नसलेले.
मी मोजत नाही. ते आपसूक होतं,
वरणात मीठ नाही
हे पहिल्या घासाला कळतं, तसं.

मागं गुमानची सेफ्टीपिन दोन रविवार दिसली नाही.
कुणी म्हणालं, ऊसतोडीला गेला, बारडोलीकडं.
मला पटेना.
ऊसतोडीला अख्खं घर जातं,
आणि त्याच्या बायकोची चप्पल तर इथंच होती.
उन्हं कलल्यावर पांझरा ओलांडून गेले.
खाटेखाली बाटली. खाटेवर तो, भिंतीकडे तोंड करून.
मी काही बोलले नाही, मला येतच नाही.
चुलीवर डाळ चढवली, शिजेपर्यंत बसले.
पुढच्या रविवारी सेफ्टीपिन दारात.
त्याच्या पुढच्या रविवारी नव्हती.
परत गेले.

मग मनातून फुशारले असेन थोडी.
कारण तापीमायचं असं झालं:
निळ्या पट्ट्याच्या तिच्या चपला
चार रविवार दारात, आणि मी निर्धास्त.
चपला होत्या. माय नव्हती.
सून घालून येत होती, स्वतःच्या तुटल्या म्हणून.
माय घरात, कंबर धरून पडलेली,
मांजरीशी बोलत.
मला बघून म्हणाली, "उनी का? बठ."
रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आधी चपला पाहते, मग पाय, मग तोंडं.
आणि म्हणते, देवबापा, हे तू दिलेलं असेल
तर चालवायलाही तूच शिकव.
हातात विळा आला
म्हणून कुणाला कापणी येत नाही.

"मनाबाई, तुमचं सांगा."
सगळ्या माना वळल्या. पदर सावरत उठले.
फळ्यावर चपलांचं काही नव्हतं.
अगदी खाली, खडू संपला तिथं,
पुसट अक्षरात 'साहाय्य' एवढंच.

जीभ चिकटली.
दाराकडे पाहिलं.
शमुवेलची आई आलेली, बाप आलेला,
धाकटा ढोलकीला टेकून पेंगत होता.
बूट नव्हते.

"एक जोड कमी आहे," म्हणाले,
आणि माझ्या चपला पायात सरकवून
बंधाऱ्याच्या वाटेला लागले.

थोड्या वेळानं मागून पावलं.
वळले नाही.
सेफ्टीपिन वाजते, चालताना.