त्रेसष्ट अंश, तीन तास

लायसिनला एक लांब हात असतो.
मोहरील मॅडमनी फळ्यावर काढला तेव्हा वाटलं,
बसमध्ये उभ्या माणसाचा असतो तसा,
वर, दांडीच्या शोधात.

चार वर्षं झाली, मी त्या हाताला दांडी देते आहे.
तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड
हिंगण्याहून पोत्याने येते, अमरावती रोडवरच्या लॅबमध्ये.
त्यातलं प्रथिन चुरगाळलेलं,
कॉपीच्या चिठ्ठीसारखं, मुठीत.
युरिया घातला की मूठ सैल होते.
मग हात मोजायचे: किती मोकळे, किती बांधलेले.
निनहायड्रिन मोकळ्या हातांना जांभळं करतं.
जांभळं कमी, की मी खूश.

दोन फळ्या, मध्ये माझा डिंक,
वॉटर बाथ: त्रेसष्ट अंश, तीन तास.
एकशे बावीस नमुने.
वहीत आधी मी "सुटला" लिहायचे,
मग नुसतं "सु."
मे महिन्यात शेषराव कूलरमध्ये पाणी ओतत म्हणाले,
"मॅडम, उन्हातच ठेवा ना बादली,
बाथ कायले लावता?"

तान्ह्या पोळ्याला आठ दिवस होते.
भाच्याच्या लाकडी नंदीचा मागचा पाय तुटला,
म्हणून चितार ओळीत गेले, तुळशीराम झाडेंकडे.
स्टोव्हवर डबा, डब्यात सरेस,
खुराचा, कातड्याचा, जुना वास.
मला हसू आलं. कोलॅजन.
तीन पदरांची वेणी उकळून सोडवलेली.
हा माणूस पन्नास वर्षं माझंच काम करतो आहे
आणि त्याला फेलोशिप नाही.

मग त्यांनी चमचाभर काळं पाणी घातलं.
"हे काय?"
"हिरडा. लोखंडी कढईत आटवलेला."
"कशाला?"
"पोट्टे नंदी नळाखाली धुतेत. पाय सुटला का रडतेत."
ब्रश फिरवला, सुतळी आवळली.
"बाप टाके."

मी स्टुलावर बसून राहिले.
हिरड्याचं टॅनिन, हवेने तापट झालेली त्याची कडी,
आणि तो लांब हात, शेवटी काहीतरी धरणारा.
अर्धी बाटली मागितली. पैसे घेतले नाहीत.
एवढंच विचारलं,
"तुह्या डिंकाले वास येते काय?"
"नाही."
"मंग कोणाले समजन, लावला म्हणून?"

नमुना एकशे तेवीस.
तीन तास, वर दहा मिनिटं, मीच विसरले होते.
दोन्ही हातांनी ओढला. लाकूड चिरलं,
जोड नाही.
एकशे चोवीस सुटला. पंचवीसही.
सव्वीस धरून आहे अजून.

मॅडमनी वही उलटली, चष्मा वर केला:
हिरड्याचा संदर्भ?
मी रकान्यात लिहिलं,
झाडे, तुळशीराम. चितार ओळ, महाल. तोंडी.
त्यांनी खाली पेन टेकवलं:
आधार काय?

बराच वेळ जांभळ्या बोटांकडे बघत बसले,
मग लिहिलं,
बाप टाके.