साडेआठ वजा बावीस

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत
आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो
आणि रविवारी सकाळी निघालो
भाड्यानं द्यायचं घर विकत घ्यायला.
स्कूटर पुसता पुसता संमेद म्हणाला,
आपल्या मालकाला कळलं तर हसेल की भाडं वाढवेल?
मी म्हटलं, दोन्ही.

चार महिने झाले, जेवणं उरकली
की हात वाळेपर्यंत तेच गणित,
गॅसच्या पावतीच्या पाठीवर:
भाडं येणार साडेआठ हजार, हप्ता जाणार बावीस.
मधल्या साडेतेरांच्या जागी
कधी त्याचा ओव्हरटाइम उभा करतो, कधी माझ्या पाटल्या.
पाटल्या कपाटातच आहेत अजून,
कागदावर तीनदा मोडून झाल्या.

मामा म्हणतात, आत्ताच घ्या,
जागा काय भाजी हाय व्हय, संध्याकाळी उतरायला?
आईचं म्हणणं, आधी पाळणा.
बँकेतला पोरगा म्हणतो दिवाळीत व्याज उतरेल.
गेल्या दिवाळीच्या आधीही तो हेच म्हणाला होता.

संमेद फौंड्रीत आहे, गोकुळ शिरगावला.
साचा लवकर फोडला तर कास्टिंग तडकतं, सांगतो.
आणि उशिरा फोडला तर?
तर काही होत नाही,
मागची लाइन अडून राहते, एवढंच.

एजंट मिठारी उताराच्या तोंडाशी उभेच होते.
तळमजला, एक बेडरूम, एकतीस लाख.
वरचा अडतीसला गेला, म्हणाले,
आणि भिंतीवर थाप मारली,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

दार उघडलं ते तिथल्या भाडेकरणीनं,
तहसीन बागवान, कोपरापर्यंत पीठ.
कुठली खिडकी उचलून लावावी लागते,
कुठला नळ रात्री बोलतो,
सगळं दाखवलं तिनं, घर तिचंच असल्यासारखं.
मग कुणी न सांगता कपाट सरकवलं.
मागं मातकट रेघ, माझ्या कमरेच्या जरा वर.
हे एकोणीसचं. एकवीसचं खाली हाय थोडं.
तीनदा रंग दिला, परत वर येतंय.
मिठारींना नेमका तेव्हाच फोन आला.

चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या,
प्रत्येकीपुढं महिना लिहिलेला.
आमचा अरहान, ती हसली,
गेल्या ईदला पाण्यापेक्षा उंच झाला.

निघताना माझ्याजवळ सरकून, हळू:
तुम्ही घेतलासा तर आम्हाला ठेवणार न्हवं?

हा प्रश्न मला पाठ आहे.
आमच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं
तेव्हा मीच विचारला होता,
त्यांनी दिलेला पेढा हातात तसाच धरून.
मी तिला उत्तर दिलं नाही. तिचा नंबर घेतला.

परत येताना रंकाळ्यावर थांबलो.
कणसं घेतली, एकच पुरलं असतं.
यंदाचं पाणी बघू, संमेद म्हणाला.
नाही आलं तर?
तर घेऊ.
आणि आलं तर तिथं कुणाला ठेवणार?
तो कणसाचे दाणे मोजल्यासारखे खात राहिला.

मिठारींचे जूनमध्ये सहा फोन.
मग तेही थांबले.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट,
गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी फूट आणि इंच.
रात्री साडेअकराला मी फोन लावला.
विकत घेणारी म्हणून लावला
की कोण म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.
तिसऱ्या पायरीला हाय, ती म्हणाली,
मागं पोरगं मोठ्यानं उरलेल्या पायऱ्या मोजत होतं.
दोनच उरल्या होत्या, ते पुन्हा पुन्हा मोजत होतं.

काय म्हणाली? संमेदनं अंधारातच विचारलं.
सांगितलं.
तो उठला, दिवा लावला,
आणि मागच्या खोलीतला पसारा
एका कडेला सारायला लागला.
मालकाला विचारायला लागेल, मी म्हटलं.
सकाळी, तो म्हणाला.
तू ती गादी धर आधी.