तामचिनी

लोयांचा निर्मल स्कूटरवरूनच म्हणाला,
‘काका, पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडा,
मनगट उतरलंय माझं. उद्या नेतो.’
आणि रुमालाची गुंडाळी काउंटरवर ठेवून
जिनिंगकडे निघूनही गेला.

एक भोक. वीस रुपये.
चाळीस वर्षं सेलूच्या स्टँडासमोर बसून
सेल बदलतोय, काचा बसवतोय,
सासऱ्यांनी दिलेली, आता कुणी न घालणारी घड्याळं पुसून परत करतोय.

रुमाल सोडला
तर आत समुद्र.

शटर अर्धं ओढलं. डोळ्याला भिंग लावलं.
निळा, पण एकच निळा नाही :
काठाला नीळ जास्त झालेल्या धोतराचा,
मधे दुधनेच्या धरणाचा, दिवस कलल्यावरचा,
आणि तळाशी, अगदी तळाशी,
मोराच्या मानेतला, जरा कलवला की हिरवा होणारा.
केसासारखी सोन्याची तार
आफ्रिकेला वळसा घालून येते,
वाकवणाऱ्याचा हात कुठं थांबलेला दिसत नाही.
तारेच्या कुंपणात रंगाची पूड भरायची,
भट्टीत घालायची, घासायची,
परत भरायची, परत भट्टी.
किती वेळा? थर मोजता येत नाहीत,
फक्त खोली दिसते.

मग एकदम हसूच आलं मला.
अरे, ही तर तामचिनी!
आईची थाळी, पांढरी, निळ्या कडेची,
मानवतच्या बाजारातून आणलेली;
माझ्या हातून पडली, टवका उडाला,
त्या काळ्या डागावरून बोट फिरवत
मी कितीतरी दिवस जेवलो.
काचच ती. धातूवर भाजलेली.
एकीत ज्वारीची भाकरी, एकीत सात समुद्र,
नातं मात्र सख्ख्या बहिणींचं.

समुद्राभोवती चोवीस गावांची कडी,
तिच्या आत चोवीस तासांची, अर्धी उजेडी, अर्धी अंधारी.
डावीकडचं बटण दाबलं की
कडी एक गाव सरकते, तासकाटा एक घर उडी मारतो,
मिनिटाच्या काट्याला पत्ताही लागत नाही.
तो आवाज!
कुणी शहाण्या माणसानं
दार न वाजवता लावून घ्यावं, तसा.

मी मस्कत शोधलं. कालिंदी तिथं रात्रपाळीला असते.
मस्कत नाही. दुबई आहे,
वेळ तीच, चालेल.
साडेआठ. म्हणजे आता डबा उघडला असेल.

मग आपलं शोधलं.
कराची आहे. ढाका आहे.
मधे कुणीच नाही.
परत दाबलं, परत चोवीस गावं फिरवून आणली,
आपला अर्धा तास कुठल्याच खाचेत बसत नाही.
घड्याळ बनवणाऱ्याचं चुकलं असं नाही म्हणत मी,
दाते पुरे चोवीसच असतात,
अर्धा दाता कापता येत नाही, एवढं मलाही कळतं.
पण लाखोंच्या घड्याळाला
माझ्या भिंतीवरल्या, अडीचशेच्या,
बंद पडून दोनदा उघडलेल्या घड्याळासमोर
अर्धा तास तोंडी हिशोब करावा लागतो,
याची जरा मौज वाटली.

भिंग अजून जवळ नेलं.
हिंदुस्थान हिरवा, खाली निमुळता होत गेलेला.
नद्या नाहीत काढल्या. कशा काढणार?
पण दख्खनच्या पोटात, गोदावरी असती तिच्या थोडं खाली,
एक बुडबुडा.
भट्टीत सुटलेला आणि तिथंच राहिलेला,
सुईच्या टोकाहून बारीक.
कुणी तपासणाऱ्यानं पाहिला नसेल,
किंवा पाहून म्हणाला असेल, असू दे.

मी त्याला सेलू म्हटलं.

मग अरी घेतली, चामडं पालथं केलं,
आधीच्या भोकांचं अंतर दोनदा मोजलं
आणि एवढ्या काळजीनं भोक पाडलं
जसं कुणी पलीकडून भिंग लावून बघतंय.

सकाळी निर्मलनं घालून बघितलं,
‘बरोबर बसलं,’ म्हणाला, पन्नासची नोट दिली.
सुटे नव्हते.
तीस रुपये राहिलेत त्याचे माझ्याकडं.