आउटपास

गार्डरूमच्या वहीत 'कारण' या रकान्यात
तीन वर्षं दर रविवारी मी एकच शब्द लिहिला : बाजार.
अगदीच खोटं नव्हतं. परतताना गजक आणायचो.

महाराजपूरच्या हँगरमध्ये आठवडाभर
विमानाच्या पोटात हात घालून तारा चाचपायच्या.
आकाश त्यांचं, जे वर जातात.
वाट्याला जमीन आलीय, तर म्हटलं
निदान ती तरी बघू.

सायकल लष्करातून मिळाली.
आमचं लष्कर नव्हे, ग्वाल्हेरातलं लष्कर :
कधीकाळी पडलेली छावणी, जी तंबू काढायचं विसरली.
मग तंबूंना भिंती आल्या, भिंतींना विजेचे मीटर,
आणि एका बोळात पागनीसांचं दुकान.
पंक्चर, हवा, भाड्याने.

"कोल्हापूरकडचे का?" माझ्या एका 'व्हय'वरनं ओळखलं त्यांनी.
"आमचे पूर्वज पागेचे हिशेब ठेवायचे. घोडे गेले.
आता मी चाकं मोजून राहिलो. खायला मागत नाहीत."
इथं किती वर्षं झाली, विचारलं.
पान्याने नट आवळत, अगदी गंभीरपणे म्हणाले,
"आलो तर दोन-तीन वर्षांसाठीच होतो."

दुसरी सायकल ललमुआनाची.
लुंगलेईचा पोरगा, शेजारच्या खाटेवरचा,
त्याला सपाट जमिनीची भीती वाटायची.
मोहरीच्या शेतांमधून जाताना म्हणायचा,
इथे नजरेला टेकायला काहीच नाही रे.
म्हणून त्याला मितावलीच्या टेकडीवर नेला.
वर गोल देऊळ, कडेने खोल्याच खोल्या,
प्रत्येकीत एक पिंड, सगळ्यांची दारं आत, मंडपाकडे.
त्याने पूर्ण फेरी मारली, मोजत.
"बराकी अशा बांधायला हव्या होत्या," म्हणाला,
"रात्री कोण जागं आहे ते कळलं असतं."

चर्च शोधताना एकदा मुरारला
गवतात बुडालेली दफनभूमी सापडली.
एका शिपायाचा दगड : वय एकवीस, ताप, मे महिना.
ललमुआनाने नाण्याने शेवाळ खरवडलं.
गावाचं नाव झिजून गेलेलं,
त्याच्या आधीचा 'जवळ' तेवढा शाबूत.
समुद्रापलीकडे कशाच्या तरी जवळचा मुलगा.
त्यालाही रविवार असणार.
त्याने काय कारण सांगितलं असेल पहाऱ्यावर?

चंबळ लांब. तिथे ट्रकवर सायकली टाकून गेलो.
जानेवारीचं ऊन, बेहडाच्या मातीच्या भेगा,
आणि वाळूवर एक घडियाल, नाकावर मडकं घेऊन,
तोंड उघडं टाकून पडलेला.
दोन तास आम्ही पाहिलं. तो हलला नाही.
"यांची बदली होत नाही," ललमुआना कुजबुजला,
आणि मला हसू आवरेना, आणि तरी घडियाल हलला नाही.

ललमुआना आधी गेला, जामनगरला.
त्यानंतर मी फार लांब गेलो नाही.
तिघ्रा धरणापर्यंत. एकदा नुसताच दुकानापर्यंत.

माझा हुकूम आला तेव्हा कागदावर सतरा सह्या लागल्या :
मेस, वाचनालय, गादी-उशी, दवाखाना.
सायकलवाल्याला रकाना नव्हता.
तरी गेलो. पागनीसांनी वही काढली, बोट फिरवलं.
"एका रविवारचं भाडं आगाऊ आहे तुमचं.
मार्चमध्ये तुम्ही आलेच नव्हते."
ठेवा, म्हटलं.
"ठेवायचं काय? बाकी म्हणून राहील."
मी हात जोडले. बोळाच्या तोंडाशी वळून पाहिलं,
तर त्यांनी सीट चार बोटं खाली घेतली होती,
कुणातरी बुटक्या माणसासाठी,
आणि घंटी वाजते का ते पाहत होते.